‘पायथन एसडीके आलं, ॲडमिन गेले’: फिरत्या पोस्टला उत्तर

कॅम्पस मुलाखतींचा मोसम आला की नागपुरातल्या इंजिनिअरिंगच्या पोरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक पोस्ट हमखास फिरते. वर मिहान या नागपूरच्या उद्योग प्रकल्पातल्या नोकऱ्यांचं आमिष, खाली पाच दावे. पायथनच्या एसडीकेने (दुसरी यंत्रणा आपल्या कोडमधून चालवायच्या तयार साधनसंचाने) पाच ओळींत शंभर व्हर्च्युअल मशीन (व्हीएम, म्हणजे एका सर्व्हरवर सॉफ्टवेअरने उभे केलेले वेगळे संगणक) उभ्या राहतात. स्क्रिप्ट माणसासारखी चुकत नाही. एकदा लिहिलेला कोड कुठल्याही क्लाउडवर चालतो. सगळं फुकट आहे. म्हणून सर्व्हर ॲडमिनचं काम संपलं, लिनक्स आणि नेटवर्किंगच्या नादी लागू नका. शेवटी क्लासचा नंबर, हे सांगायला नकोच. पोरं हे खरं मानून नेटवर्किंगचा विषय ऑप्शनला टाकतात, म्हणून एकेक दावा घेतो.

‘पाच ओळींत शंभर व्हीएम.’ ओळी पाचच लागतात, त्यात खोटं नाही. व्हीएम चालवायचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या व्हीएमवेअरची पायव्हीमोमी ही पायथन लायब्ररी २०१३ पासून ओपन सोर्स आहे आणि टेम्प्लेटवरून (तयार नमुन्यावरून) नवी व्हीएम क्लोन करायला तिच्यात एक कॉल पुरतो. पण तो कॉल तुमच्या हातात व्हीएम देत नाही, ‘टास्क’ देतो. व्हीसेंटरने, म्हणजे सगळ्या व्हीएम सांभाळणाऱ्या व्हीएमवेअरच्या सर्व्हरने, काम नोंदवून घेतलं, एवढाच त्याचा अर्थ. ते आधी रांगेत असतं, मग चालू होतं, शेवटी पार पडतं किंवा फसतं. क्लोनला काही मिनिटं लागतात, तुमची पुढची ओळ मात्र लगेच धावते आणि अजून तयारच न झालेली व्हीएम सुरू करायला जाते. ॲमेझॉनच्या क्लाउडसाठीच्या बोटो३ या एसडीकेमध्येही तीच गत: इन्स्टन्स (तिथली व्हीएम) मागितला की उत्तर ताबडतोब येतं, पण त्यात स्थिती ‘पेंडिंग’ असते. वाट बघण्याची सोय दोन्हीकडे आहे. पोस्टमधल्या पाच ओळींत ती नसते.

वेगाचंही तसंच. पायव्हीमोमीत व्हीएमचं नाव, स्थिती, डेटास्टोअर (तिच्या डिस्क ठेवायची जागा) असं काहीही विचारलं की दर वेळी सर्व्हरकडे एक फेरी होते. २०० व्हीएमच्या पाच-पाच गोष्टी विचारल्या तर १,००० फेऱ्या. नागपुरात बसून व्हीपीएनवरून मुंबईच्या डेटा सेंटरशी बोलताना एका फेरीला ३० मिलिसेकंद धरले तरी अर्धा मिनिट नुसतं येण्याजाण्यात गेलं. ‘प्रॉपर्टी कलेक्टर’ वापरून हेच सगळं एका मागणीत आणता येतं, पण त्यासाठी पडद्यामागे काय चाललंय ते कळावं लागतं.

‘स्क्रिप्ट चुकत नाही.’ या दाव्यात सगळ्यात जास्त धोका आहे. मे महिन्यातली दुपार धरा, बाहेर ४५ अंश, सर्व्हर रूमचा एसी बसला. आता सगळ्या व्हीएम नीट बंद करायच्या आहेत. एक कॉल आहे ‘पॉवर ऑफ’, तो म्हणजे सरळ प्लग ओढणं. चालू डेटाबेसवर तो वापरणाऱ्याला हात जोडावेत. दुसरा ‘शटडाउन गेस्ट’, तो आतल्या ऑपरेटिंग सिस्टिमला बंद व्हायला सांगतो. त्याला व्हीएमच्या आत व्हीएमवेअर टूल्स हा मदतनीस प्रोग्रॅम चालू लागतो, नसेल तर एरर. आणि हा कॉल टास्कसुद्धा देत नाही. निरोप दिला की परत आला. व्हीएम खरंच बंद झाली का, हे थोड्या थोड्या वेळाने तुम्हालाच विचारत राहावं लागतं.

मग क्रम. ॲप्लिकेशन आधी, डेटाबेस नंतर, सुरू करताना उलट. स्क्रिप्टला यातलं काही ठाऊक नसतं, ती यादीत जे पुढे आलं ते बंद करत सुटते. यादीत डीएनएसची (नावावरून पत्ता शोधून देणारी) व्हीएम लवकर आली की पुढच्या होस्टची नावंच सापडेनाशी होतात. आणि व्हीसेंटर स्वतःच बहुतेक ठिकाणी एक व्हीएम असतो! तो मध्येच बंद केला की ज्याच्याशी बोलत होतो तोच गेला, उरलेल्या व्हीएम तापलेल्या खोलीत तशाच चालू. तो शेवटी ठेवायचा आणि तिथून पुढे थेट ईएसएक्सआय होस्टशी (ज्या सर्व्हरवर व्हीएम चालतात त्याच्याशी) जोडणी करायची, हे पायथनच्या कुठल्या धड्यात येणार? माणूस एका क्लिकला एक चूक करतो. लूप तीच चूक यादी संपेपर्यंत करतो.

‘एकच कोड, सगळे क्लाउड.’ लिनक्सवरची केव्हीएम ही व्हीएमची यंत्रणा चालवणाऱ्या लिबव्हर्ट लायब्ररीमध्ये ‘डिस्ट्रॉय’ म्हटलं की व्हीएम जबरदस्तीने बंद होते, डिस्क जागेवर राहते, पुन्हा सुरू करता येते. व्हीस्फिअरमध्ये (व्हीएमवेअरच्या व्हीसेंटर-ईएसएक्सआयच्या संचात) ‘डिस्ट्रॉय’ म्हटलं की व्हीएम तिच्या डिस्कसकट पुसली जाते. आता एकीकडचा कोड दुसरीकडे नेऊन बघा! ओपनस्टॅक या ओपन सोर्स क्लाउडचं एसडीके आणखी वेगळं, तिथे प्रोजेक्ट, फ्लेव्हर (व्हीएमचं माप), सिक्युरिटी ग्रुप अशी आपली मांडणी आहे. पायथन तेवढं सगळीकडे सारखं.

‘सगळं फुकट.’ एसडीके फुकट, खालचं काही नाही. ईएसएक्सआयची फुकट आवृत्ती व्हीएमवेअरची मालक कंपनी ब्रॉडकॉमने २०२४ मध्ये बंद केली आणि २०२५ मध्ये परत आणली, पण फुकट लायसन्सवर एपीआय (स्क्रिप्ट ज्यातून बोलते तो मार्ग) माहिती वाचण्यापुरताच चालतो. व्हीएम सुरू करायला जा, परवाना नाही म्हणून एरर. आणि ॲमेझॉनवर इन्स्टन्स ‘स्टॉप’ केला तरी त्याच्या डिस्कचं भाडं चालूच राहतं.

‘ॲडमिन संपले.’ क्लिकक्लिकाट कमी झाला हे मान्य, आणि बरंच झालं. पण वरचं एकूणएक काम ज्याला स्टोरेज, डीएनएस आणि परवानग्या कळतात त्याचंच आहे. पोस्टसोबत नमुना म्हणून जो कोड फिरतो त्यात सर्टिफिकेटची (समोरचा सर्व्हर खराच आहे का याची) तपासणी बंद केलेली आणि पासवर्ड उघडा लिहिलेला असतो. तो पोरं जसाच्या तसा गिटहबवर चढवतात.

एसडीके शिकायचंच असेल, आणि शिकावंच, तर इंटर्नशिपच्या ठिकाणी फक्त वाचायची परवानगी असलेलं खातं मागून घ्या. पहिली स्क्रिप्ट जुने स्नॅपशॉट (व्हीएमची एखाद्या क्षणाची जपून ठेवलेली स्थिती) शोधणारी लिहा. ७२ तासांपेक्षा जास्त काळ स्नॅपशॉट ठेवू नये असं व्हीएमवेअरच सांगते, तरी ते महिनोन्महिने पडून असतात आणि डेटास्टोअर खात राहतात. व्हीएमचं नाव, स्नॅपशॉटची तारीख आणि वय, एवढी यादी काढून तिथल्या ॲडमिनला दाखवा. पुसायचं काय, ते तो सांगेल.