दोन माइक आणि दोन घड्याळे: एका प्रचलित सल्ल्याचा प्रतिवाद

लिनक्सवर दोन यूएसबी माइकचे आवाज एकत्र रेकॉर्ड करताना ते तुटू लागले किंवा एकमेकांच्या मागेपुढे सरकू लागले, की सर्वत्र एकच सल्ला दिला जातो: बफर (आवाज तात्पुरता साठवण्याची जागा) वाढवा, पाइपवायर (आवाजाची देवाणघेवाण सांभाळणारी सेवा) काढून थेट अल्सा (लिनक्सचा ध्वनी-उपकरणांशी बोलणारा मूळ थर) वापरा, आणि तरीही जमले नाही तर रिअल-टाइम कर्नल (वेळेची कामे वेळेवर करण्यावर भर देणारा लिनक्सचा गाभा) बसवा. हा सल्ला दोन निराळ्या दोषांना एकच समजतो, आणि हातून गेलेले रेकॉर्डिंग परत मिळत नसल्यामुळे त्याची तपासणी मला आवश्यक वाटते.

आधी बफरविषयी. आवाजात टकटक किंवा खंड ऐकू येत असेल, तर संगणकाने नमुने (आवाजाची क्षणोक्षणीची मोजमापे) वेळेवर उचललेले नसतात. यालाच एक्सरन म्हणतात. तेथे बफर 1024 नमुन्यांवरून 2048 वर नेल्यास 48,000 हर्ट्झला (सेकंदाला 48,000 नमुने) 21 ऐवजी सुमारे 43 मिलिसेकंदांची सवड मिळते, आणि तेवढ्यापुरता सल्ला योग्य आहे. ट्रॅक हळूहळू सरकत जाण्याचे कारण मात्र वेगळे आहे. प्रत्येक यूएसबी माइक सहसा स्वतःच्या स्फटिकाच्या घड्याळावर चालतो, आणि दोन्हींवर 48,000 निवडले तरी ती घड्याळे तंतोतंत जुळत नाहीत. त्यांच्यात दशलक्षामागे केवळ 50 इतका फरक असला, तरी तासाभरात 8,640 नमुन्यांची, म्हणजे 0.18 सेकंदाची तफावत साचते. एकाच खोलीत बसलेल्या दोघांचे बोलणे तेव्हा स्पष्टपणे दुहेरी ऐकू येते. बफर मोठा केल्याने घड्याळाची गती बदलत नाही.

पाइपवायर काढण्याचा सल्ला तर उलट हानी करतो. पाइपवायर एका उपकरणाचे घड्याळ प्रमाण मानते आणि दुसऱ्याचे नमुने सतत पुनर्गणित करून त्याच्याशी जुळवत राहते. अल्सावरून दोन्ही माइक थेट उघडले, तर ही जुळवणी आपोआप होत नाही.

रिअल-टाइम कर्नलने एक्सरन कमी होऊ शकतात, घड्याळांतील फरक नाही.

म्हणून आधी दोष ओळखावा. रेकॉर्डिंग चालू असताना पीडब्ल्यू-टॉप या पाइपवायरची स्थिती दाखवणाऱ्या साधनातील त्रुटींचा रकाना वाढत असेल, तर बफर, यूएसबी हब आणि वीजबचतीच्या सेटिंग तपासाव्यात. तो स्थिर असेल, तर आरंभी आणि अखेरीस एकेक टाळी रेकॉर्ड करून प्रत्येक ट्रॅकमध्ये त्या दोन टाळ्यांमधील अंतर मोजावे. ते निराळे भरल्यास एक ट्रॅक नुसता सरकवून भागणार नाही, त्याची लांबीच त्या प्रमाणात बदलावी लागेल. पुढच्या वेळी यूएसबीऐवजी साधे ॲनालॉग माइक वापरून दोन्ही एकाच ऑडिओ इंटरफेसला (माइकचा आवाज संगणकाला पोहोचवणाऱ्या उपकरणाला) जोडता आले, तर दोघांना एकच घड्याळ मिळते.