‘निदान आयटीआय तरी’ म्हणण्याआधी

दहावीचा निकाल लागल्यानंतरच्या आठवड्यात आमच्या चिंचवडच्या सोसायटीतल्या एक ताई मुलाला घेऊन घरी आल्या. त्याला 58 टक्के मिळाले होते. तो मान खाली घालून बसला आणि ताई म्हणाल्या, “सर, अकरावी सायन्स काही याला झेपायचं नाही. निदान आयटीआय तरी होईल ना?” त्यांच्या काळजीत काही खोट नव्हती. पण त्या वाक्यातले ‘निदान’ आणि ‘तरी’ हे दोन शब्द शासकीय आयटीआयमध्ये फिटर ट्रेडचा शिल्प निदेशक म्हणून मी 27 वर्षे ऐकले आहेत, आणि आता निवृत्तीनंतरही ऐकतो आहे. त्यांविषयी एकदा सविस्तर लिहावे असे वाटले.

या शब्दांनी आमचा अपमान होतो, ही माझी तक्रार नाही. जी वाट आपण उरलीसुरली मानतो तिची चौकशी करण्याची गरज आपल्याला वाटत नाही, ही माझी तक्रार आहे. अकरावीचे कॉलेज निवडताना हेच पालक कट-ऑफ, क्लासची फी, शिकवणारे प्राध्यापक, बसचा मार्ग असे सगळे विचारून घेतात. मुलगा आयटीआयला किंवा एखाद्या कंपनीत शिकायला जाणार म्हटले, की ट्रेड कोणता, शिकवणार कोण आणि शेवटी हातात कोणते प्रमाणपत्र पडणार, यांपैकी एकही प्रश्न निघत नाही. ‘लागला बाबा कुठेतरी’ एवढ्यावर सगळे सुस्कारा सोडतात आणि मुलांची फसगत नेमकी तिथे होते.

मुळात ‘निदान’ हा हिशेबच चुकीचा आहे. आयटीआयचे प्रवेश दहावीच्या गुणांवर, ऑनलाइन गुणवत्ता यादीने होतात. औंधसारख्या मोठ्या शासकीय संस्थेत इलेक्ट्रिशियन किंवा फिटर या ट्रेडला जागा मागणाऱ्यांची रांग असते आणि कमी टक्क्यांच्या मुलाला मागेल तो ट्रेड मिळेलच असे नाही. वेल्डरसारखे एका वर्षाचे काही ट्रेड दहावी अनुत्तीर्ण मुलालाही घेता येतात, पण तेही ‘उरले म्हणून’ घेतले तर मुलगा दिवाळीनंतर वर्गात दिसत नाही, हे मी वर्षानुवर्षे पाहिले आहे.

फिटरचा अभ्यासक्रम 2 वर्षांचा असतो. पहिले काही आठवडे मुलाच्या हातात मुख्यतः हॅकसॉ आणि कानस असते. वाइसमध्ये लोखंडी पट्टीचा तुकडा बांधायचा, तो सपाट घासायचा, गुण्या लावून उजेडाकडे धरायचा आणि फटीतून उजेड दिसला की पुन्हा घासायचा. तळहाताला फोड येतात, खांदे दुखतात. “सर, हे काम मशीन दोन मिनिटांत करतं, मग आम्ही का करायचं?” असे प्रत्येक बॅचमध्ये कुणीतरी विचारतेच, आणि तो प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचे उत्तर मुलाला साधारण तिसऱ्या महिन्यात आपले आपण मिळते. व्हर्निअर या मोजपट्टीवर 0.02 मिलिमीटरचा फरक वाचता येणे ही एक गोष्ट आणि तो फरक हाताला जाणवणे ही दुसरी. पुढे तोच मुलगा संगणकावर चालणाऱ्या सीएनसी मशीनसमोर उभा राहतो, तेव्हा जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, का बिघडला याचा अंदाज त्याला स्क्रीनवर अलार्म येण्याआधी येतो. याला मी शिक्षण म्हणतो. ज्या मुलांना वर्गात चाळीस मिनिटे एका जागी बसवत नव्हते, ती मुले एका जॉबपाशी सलग तीन तास उभी राहिलेली मी पाहिली आहेत.

आता शिकाऊ उमेदवारीविषयी, कारण खरे अज्ञान तिथे आहे. माझा स्वतःचा भाचा मंचरहून इकडे आला आणि आयटीआय न करता थेट एका कारखान्यात ‘ट्रेनी’ म्हणून लागला. मला त्याने नंतर सांगितले, आणि मीही तेव्हा पुरेशी विचारपूस केली नाही, याची खंत आजही आहे. 14 महिने तो एकाच प्रेसवर पत्रा ठेवत आणि उचलत होता. एका रात्रपाळीत बोटाचे टोक चिरडले. पहिल्या दिवशीची मलमपट्टी कारखान्याने केली आणि पुढे “तुझं नाव आमच्या रजिस्टरवर नाही” असे ऐकवले. करारपत्र नव्हते, परीक्षा नव्हती. निघताना लेटरहेडवर चार ओळींचा अनुभवाचा दाखला मिळाला, तो पुढे कुठेही उपयोगी पडला नाही. “मामा, मला वाटलं मी अप्रेंटिस आहे,” असे तो म्हणाला तेव्हा माझ्याजवळ उत्तर नव्हते.

अप्रेंटिस, म्हणजे शिकाऊ उमेदवार, हा कायद्यातला शब्द आहे. शिकाऊ उमेदवारी अधिनियम 1961 सालचा आहे. त्यानुसार उमेदवार आणि मालक यांच्यात लेखी करार व्हावा लागतो आणि तो नोंदवावा लागतो. उमेदवार अल्पवयीन असेल तर पालकाची सही लागते. या काळात त्याला पीस-रेटवर, म्हणजे नगांच्या हिशेबाने पैसे देऊन, राबवता येत नाही, ओव्हरटाइम परवानगीशिवाय लावता येत नाही आणि कामावर इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकावर येते. मुदत संपल्यावर ठरलेल्या ट्रेडची परीक्षा होते आणि उत्तीर्ण झाल्यास देशभर चालणारे राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळते. आयटीआय झालेला फिटर साधारण 1 वर्षाची उमेदवारी करतो. पण नुसता दहावी झालेला मुलगाही ‘फ्रेशर’ म्हणून थेट उमेदवारीत जाऊ शकतो, ही गोष्ट फार थोड्या घरांत ठाऊक असते.

2019 च्या सुधारित नियमांनुसार 30 किंवा अधिक माणसे कामाला असलेल्या आस्थापनांनी मनुष्यबळाच्या 2.5 ते 15 टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. म्हणजे भोसरी, चाकण, रांजणगाव, तळेगाव या पट्ट्यात उमेदवार घेणे ही कंपनीने केलेली मेहेरबानी नाही. नोंदणीचे पत्र मागणाऱ्या पालकाने संकोच करू नये. शंका असेल तर शासकीय आयटीआयशी जोडलेल्या बीटीआरआय, म्हणजे शिकाऊ उमेदवारांच्या मूलभूत प्रशिक्षणाच्या, केंद्रात जाऊन कराराची नोंद आहे की नाही ते विचारावे. 2024 मध्ये सुरू झालेली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना याहून वेगळी आहे. ती कार्यानुभवासाठी आहे आणि तिच्या शेवटी ट्रेडची परीक्षा नसते. दोन्हींची गल्लत करणारी मुले माझ्याकडे दर महिन्याला येतात.

या व्यवस्थेत सगळे गोड आहे असे मी म्हणणार नाही. 2019 च्या त्याच नियमांत दहावी झालेल्या उमेदवाराला दरमहा किमान 6,000 रुपये आणि आयटीआय झालेल्याला 7,000 रुपये विद्यावेतन ठरले. पिंपरीत आईवडिलांच्या घरी राहणाऱ्या मुलाचे एवढ्यात भागते. आंबेगाव, जुन्नर किंवा बीडहून आलेल्या मुलाचे चाकणला कॉट बेसिसवरचे भाडे आणि मेस यांतच ते संपते, आणि मग जास्त पैसे देणारा ठेकेदार त्याला ओढून नेतो. ही मुले शिकणे अर्धवट सोडतात तेव्हा आपण त्यांना चंचल म्हणतो. उमेदवारांसाठी कारखान्यांजवळ परवडणारी वसतिगृहे उभारली, तर पाच जाहिरातींनी होणार नाही इतके काम होईल, असे माझे ठाम मत आहे. शिवाय उमेदवारी संपल्यावर नोकरी देण्याचे बंधन कंपनीवर साधारणतः नसते, हेही मुलाला पहिल्याच दिवशी सांगावे.

“पण मग पुढचं शिक्षण?” हा प्रश्न आया हमखास विचारतात. दहावीनंतरचा 2 वर्षांचा आयटीआय केलेल्या मुलाला पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो, आणि पदविकेनंतर इंजिनिअरिंगच्या पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला. हिशेब केला तर 2, 2 आणि 3 मिळून 7 वर्षे होतात. बारावीच्या मार्गाने 6 लागतात. एका वर्षाचा फरक, आणि त्या बदल्यात हातात कसब. फक्त पदविकेचे गणित या मुलांना जड जाते, कारण आयटीआयमध्ये गणित बेताचेच शिकवले जाते. माझे दोन चांगले विद्यार्थी तिथेच अडखळले. ज्याला पुढे जायचे आहे त्याने आयटीआयच्या काळातच अकरावीचे त्रिकोणमिती आणि बीजगणित कुणाकडून तरी समजून घ्यावे, असे मी आता आवर्जून सांगतो.

हे पुण्यात सांगावे लागते याचे मला विशेष वाईट वाटते. खडकीचा दारूगोळा कारखाना 1869 सालचा. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी 1946 सालची, तीही खडकीतलीच. पुढे पिंपरीत टेल्को, म्हणजे आजची टाटा मोटर्स, उभी राहिली तेव्हा सुमंत मूळगावकरांनी तिथे प्रशिक्षण विभागाला सुरुवातीपासून मानाची जागा दिली. पिंपरी-चिंचवडच्या कितीतरी बंगल्यांची आणि लघुउद्योगांची मुळे त्या शिकाऊ उमेदवारांच्या बेंचपर्यंत पोहोचतात. त्याच घरांतून आज ‘निदान’ ऐकू येते. मुलींच्या बाबतीत तर तेवढेही नाही. शिवण आणि ब्यूटी पार्लर यांपलीकडे त्यांना कुणी काही सुचवत नाही, आणि मोजमापाच्या कामात माझ्या सर्वांत नेटक्या विद्यार्थ्यांत दोन मुली होत्या.

प्रत्येकाने हीच वाट धरावी, असे माझे म्हणणे नाही. ज्याला वाचनाची, सिद्धान्ताची ओढ आहे त्याला केवळ घरची चणचण म्हणून बेंचवर उभे करणे हाही अन्यायच आहे.

त्या संध्याकाळी मी ताईंना बाजूला ठेवून मुलाशी बोललो. घरातला मिक्सर त्याने दोनदा उघडून दुरुस्त केला होता, हे आईला आठवत होते. पण ती तक्रार म्हणून सांगत होती. त्याला मोटरच्या वाइंडिंगबद्दल विचारले तेव्हा त्याने पहिल्यांदा मान वर केली. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघे मोरवाडीच्या महापालिकेच्या आयटीआयमध्ये जाऊन इलेक्ट्रिशियनची वर्कशॉप पाहून आलो. अर्जात त्याने इलेक्ट्रिशियन पहिला आणि वायरमन दुसरा टाकला आहे. यादी लागायची आहे. ज्यांच्या घरी असाच अर्ज भरायचा आहे किंवा एखाद्या कंपनीचे करारपत्र समोर आले आहे, त्यांनी ते घेऊन माझ्याकडे यावे. सही करण्याआधी आपण एकत्र बसून वाचू.