मोजायचे काय आणि ठरवायचे काय: एका प्रतिक्रियेला उत्तर

आपली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. तिला चार ओळींत उत्तर देऊन मोकळे होणे बरे दिसणार नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहितो आहे. युरो २०२४ या युरोपीय देशांच्या फुटबॉल स्पर्धेच्या उपांत्यपूर्व फेरीत, ५ जुलैला श्टुटगार्टमध्ये, जमाल मुसियालाचा गोलाच्या दिशेने निघालेला फटका स्पेनच्या मार्क कुकुरेयाच्या हाताला लागून अडला आणि तरीही पंच अँथनी टेलर यांनी जर्मनीला पेनल्टी दिली नाही. माझ्या लेखात मी त्या निर्णयाची बाजू घेतली होती. त्यावर आपले म्हणणे असे, की मी पंचांची वकिली करतो. शिवाय आपण म्हणता, ऑफसाइडमध्ये (सहकारी चेंडू मारतो त्या क्षणी आक्रमक खेळाडू बचावफळीच्या पुढे असणे) बुटाचे टोक मोजणाऱ्या यंत्रणेला चेंडू अडवणारा हात दिसत नसेल तर ती यंत्रणा मोडीत काढावी. आणि इतका पैसा ओतलेल्या खेळात पंचाच्या चुकीला जागाच असू नये.

पहिला आक्षेप मला बराचसा मान्य आहे. ‘निर्णय नियमाला धरूनच होता’ असे मी छातीठोकपणे लिहून गेलो होतो. पुढे सप्टेंबरात युएफा या युरोपीय फुटबॉल संघटनेच्या पंच समितीच्या अहवालाच्या बातम्या आल्या आणि ती पेनल्टी द्यायला हवी होती, असे समितीचेच मत असल्याचे त्यांतून कळले. तेव्हा माझा ठामपणा अस्थानी होता. मात्र त्याच घटनेतली एक गोष्ट आपल्या नजरेतून निसटली आहे. सगळी चित्रे हाताशी, सामन्याचा दबाव नाही, गर्दीचा आरडाओरडा नाही, आणि तरी हा निष्कर्ष लोकांपुढे यायला दोन महिन्यांच्या वर काळ जावा लागला. चेंडू हाताला लागला का, याबद्दल पहिल्या मिनिटापासून कोणाचेच दुमत नव्हते. वाद होता तो त्या स्पर्शाला गुन्हा म्हणायचे का, याचा.

फुटबॉलच्या नियमावलीतला नियम क्रमांक १२ सांगतो, की चेंडूचा हाताला झालेला प्रत्येक स्पर्श हा गुन्हा नसतो. खेळाडूने हात मुद्दाम चेंडूकडे नेला, किंवा हाताच्या ठेवणीमुळे शरीर अनैसर्गिकरीत्या मोठे केले, तरच तो गुन्हा. आणि ‘अनैसर्गिक’ म्हणजे काय, तर त्या क्षणीच्या शरीराच्या हालचालीतून जिचे समर्थन होत नाही अशी हाताची ठेवण. हे वाक्य कोणत्याही कॅमेऱ्याला वाचून दाखवा, तो काही उत्तर देणार नाही. (गोल करणाऱ्याच्या हाताला चेंडू चुकून जरी लागला तरी गोल रद्द होतो, एवढाच भाग काटेकोर आहे, आणि त्याचीही मांडणी २०१९ ते २०२१ या काळात पुन्हा पुन्हा बदलावी लागली.)

आपण बुटाच्या टोकाचा दाखला दिलात, म्हणून त्याच स्पर्धेतला डॉर्टमुंडचा सामना पाहू. २९ जूनला उत्तरार्धाच्या सुरुवातीला डेन्मार्कच्या योआकिम अँडरसनने जर्मनीविरुद्ध गोल केला आणि त्याचा सहकारी थॉमस डिलेनी बुटाच्या टोकाएवढा ऑफसाइड ठरल्याने तो रद्द झाला. काही मिनिटांतच जर्मनीचा क्रॉस (कडेकडून गोलासमोर मारलेला चेंडू) त्याच अँडरसनच्या हाताला चाटून गेला. क्रिकेटमध्ये स्निकोवर कड लागल्याची रेघ उसळते, तशी चेंडूतल्या सेन्सरची रेघ पडद्यावर उसळली, पंच मायकल ऑलिव्हर कडेच्या पडद्याकडे जाऊन आले आणि काई हावर्ट्झने पेनल्टीवर गोल केला. वरवर पाहता दोन्ही निर्णय यंत्रानेच दिल्यासारखे वाटतात. प्रत्यक्षात पहिल्यात टोक पुढे होते की नाही, एवढाच प्रश्न होता. दुसऱ्यात सेन्सरने फक्त ‘लागला’ एवढेच सांगितले; तो हात तिथे असायला हवा होता की नाही, हे ऑलिव्हर यांनीच ठरवले, आणि डेन्मार्कच्या पाठीराख्यांना आजही ते पटलेले नसेल तर मी त्यांना दोष देणार नाही.

मोजमापाच्या बाबतीत मात्र बरीच सुधारणा झालेली आहे. २०१० च्या विश्वचषकात ब्लूमफाँटेनला इंग्लंडच्या फ्रँक लॅम्पार्डचा फटका आडव्या खांबाला लागून गोलरेषेच्या चांगला आत पडला आणि तो गोल धरला गेला नाही. २०१४च्या विश्वचषकापासून ते काम गोलरेषा तंत्रज्ञानाकडे गेले आणि तो वाद जवळपास संपला. जवळपास म्हणतो, कारण जून २०२० मध्ये ॲस्टन व्हिला आणि शेफील्ड युनायटेड यांच्या सामन्यात गोलरक्षक चेंडू कवटाळून रेषेपलीकडे गेला, पण खेळाडूंच्या गर्दीत कॅमेऱ्यांची दृष्टी अडली आणि गोल झाल्याचा इशारा देणारे पंचांच्या मनगटावरचे घड्याळ वाजलेच नाही. सामना ०-० सुटला आणि त्या मोसमात व्हिला एका गुणाने खालच्या श्रेणीत जाण्यापासून वाचला. ऑफसाइडच्या रेषेबद्दलही असेच. सेकंदाला ५० चित्रे घेतली, तरी सेकंदाला ८ मीटर धावणारा खेळाडू दोन चित्रांच्या मध्ये १६ सेंटिमीटर पुढे गेलेला असतो. क्रिकेटने ही अनिश्चितता ‘अंपायर्स कॉल’ म्हणून उघडपणे नियमात घेतली. फुटबॉलच्या ऑफसाइडच्या नियमात तशी सोय नाही, आणि ती असावी असे मला वाटते.

‘आम्हाला घरी दहा सेकंदांत दिसते, ते पंचाला का दिसत नाही,’ या आपल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे: पंच मैदानात उभा असतो. २०१०च्या अंतिम सामन्यात नेदरलँड्सच्या नायजेल डी योंगची लाथ स्पेनच्या शाबी अलोन्सोच्या छातीवर बसली, तेव्हा पंच हॉवर्ड वेब यांच्या दृष्टीच्या आड खेळाडू होते. त्यांनी पिवळे कार्ड दिले आणि ते लाल असायला हवे होते, हे नंतर स्वतःच मान्य केले. आज ती चूक पडद्यावरून सुधारली गेली असती.

परंतु पडदा चूक सुधारतो तसा दिशाभूलही करतो, आणि या दोन्ही गोष्टी एकाच सामन्यात पाहायच्या असतील तर ३० सप्टेंबर २०२३ चा टॉटनहॅम-लिव्हरपूल या इंग्लिश क्लबांचा सामना घ्या. लिव्हरपूलच्या कर्टिस जोन्सच्या टॅकलवर (चेंडू हिसकावण्यासाठी पाय घालणे) मैदानी पंचांनी पिवळे कार्ड दिले होते. त्यांना पडद्याकडे बोलावले गेले आणि पहिल्यांदा दाखवले गेले ते गोठवलेले चित्र: जोन्सचा बूट आणि प्रतिस्पर्ध्याचा पाय. बूट आधी चेंडूवर होता आणि तिथून घसरत पायावर गेला, हे गोठलेल्या चित्रात कसे दिसणार? कार्ड लाल झाले. टॅकलची तीव्रता नेहमीच्या वेगाने पाहूनच ठरवावी, असे व्हीएआरची (पडद्यावर चित्रे तपासून मैदानी पंचांना मदत करणाऱ्या पंचांची) कार्यपद्धती स्वतःच सांगते. त्यानंतर काही मिनिटांतच लिव्हरपूलच्या लुईस दियाझचा गोल सहाय्यक पंचांनी ऑफसाइडचा झेंडा वर करून रद्द केला. व्हीएआर कक्षाने रेषा बरोबर आखल्या, दियाझ ऑनसाइड (म्हणजे ऑफसाइड नव्हता) होता हेही बरोबर ओळखले, पण मैदानावर गोल दिला गेला आहे अशा समजुतीत ‘तपासणी पूर्ण’ असा निरोप दिला. खेळ सुरू झाला. चित्रफीत हाताळणाऱ्याच्या लक्षात घोटाळा आला, कक्षात धावपळ उडाली, पण खेळ पुन्हा सुरू झाल्यावर मागे जाता येत नाही, हा नियम आडवा आला. लिव्हरपूल तो सामना १-२ असा, भरपाई वेळेतल्या स्वयंगोलामुळे हरले. मोजमाप अचूक होते. घात केला तो दोन माणसांमधल्या संभाषणाने.

आणि इथेच आपल्या प्रतिक्रियेतला, आपण जाता जाता लिहिलेला मुद्दा मला सर्वांत वजनदार वाटतो: तिकीट काढून आत बसलेल्या माणसालाच काय चालले आहे ते कळत नाही. त्या सामन्याची ध्वनिफीत तीन दिवसांनी प्रसिद्ध झाली आणि ती ऐकल्यावर पंचांविषयीचा संशय ओसरून त्याची जागा निव्वळ हळहळीने घेतली, निदान माझ्या बाबतीत तरी. २०२३च्या महिला विश्वचषकात पडद्यावर पाहून झाल्यावर पंच स्वतः ध्वनिक्षेपकावरून निर्णय आणि त्याचे कारण सांगत होत्या. पुढचे पाऊल म्हणजे कक्षातले संभाषण तेव्हाच्या तेव्हा ऐकू येणे. आज कार्यपद्धती त्याला परवानगी देत नाही. रग्बीत ते सर्रास ऐकू येते आणि त्याने पंचांचा मान कमी झालेला नाही. यंत्रणा मोडीत काढा, या आपल्या मागणीला माझा विरोध आहे. तिची दारे उघडा, अशी मागणी आपण केलीत तर माझी सही तिच्यावर पहिली असेल.

लेखातले ‘नियमाला धरूनच होता’ हे शब्द मी काढले आहेत. त्या जागी ‘नियमाच्या शब्दांत बसवता येईल असा, पण युएफाच्या समितीला न पटलेला’ असे घातले आहे आणि बदल आपल्या प्रतिक्रियेमुळे केल्याची नोंद खाली जोडली आहे.