स्टोनहेंजच्या पहाटेला जाण्यापूर्वी

मे महिना सुरू झाला की कोल्हापूर, पुणे आणि ठाण्याहून मला एकाच आशयाचे निरोप येऊ लागतात. कुणाची मुलगी लंडनला शिकत असते, कुणी स्वतः कामानिमित्त इंग्लंडमध्ये आलेले असते, आणि सर्वांना वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवसाची, म्हणजे २१ जूनच्या अयनदिनाची, पहाट स्टोनहेंजच्या शिळावर्तुळात उभे राहून पाहायची असते. मी गेली अनेक वर्षे स्विंडनला राहते, तिथून स्टोनहेंज फार लांब नाही, त्यामुळे हे प्रश्न माझ्याकडे येणे स्वाभाविक आहे. तिकीट कुठे मिळते, गाडी कुठे लावायची आणि फोटो कुठून चांगला येतो, हे तीन प्रश्न ठरलेले असतात. पहिल्या दोहोंची उत्तरे सोपी आहेत. त्या रात्री प्रवेशाला पैसे पडत नाहीत, गाडी लावायला पडतात, आणि ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांच्यासाठी सॉल्सबरी स्थानकावरून बस सुटते. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर निरोपात मावणारे नाही, म्हणून ते येथे लिहिते आहे.

माझे म्हणणे असे आहे की ती पहाट तिथे जमलेल्यांपैकी बऱ्याच जणांसाठी, निसर्गाला आणि ऋतूंना पवित्र मानणाऱ्या पेगन लोकांसाठी, उपासना असते, आणि दुसऱ्याच्या उपासनेला जाताना जी तयारी आपण करतो, तीच आपण तिथे कोण म्हणून उभे राहणार हे ठरवते. यात्राजत्रांच्या मुलखातून आलेल्या आपल्याला हे वेगळे सांगावे लागू नये. तरी सांगावे लागते, कारण मी स्वतः पहिल्या वर्षी काहीही तयारी न करता गेले होते.

जून महिना म्हणून मी सुती कपडे आणि चपला घालून गेले. सॉल्सबरीच्या माळावर जूनमध्येही रात्री चांगलीच थंडी पडते, वारा अडवायला काही नसते आणि मध्यरात्रीनंतर गवत दवाने इतके भिजते की पाय बधिर होतात. पण त्याहून मोठी चूक फोनची होती. एक मध्यमवयीन बाई एका शिळेवर तळवा टेकवून, डोळे मिटून बराच वेळ उभ्या होत्या. दृश्य सुंदर होते आणि मी हातभर अंतरावरून चित्रीकरण करत राहिले. डोळे उघडल्यावर त्यांनी मला अत्यंत सौम्यपणे ते पुसून टाकण्याची विनंती केली. मी पुसले, क्षमा मागितली. मग त्यांनी सांगितले की त्या जिथे नोकरी करतात तिथे त्यांचा हा धर्म कुणालाही ठाऊक नाही आणि तो ठाऊक व्हावा अशी त्यांची इच्छाही नाही. त्यांनी मला एका शब्दानेही दुखावले नाही, पण त्या रात्रीनंतर मी कोणत्याही उपासकाचा फोटो विचारल्यावाचून काढलेला नाही.

यामागे इतिहास आहे. जादूटोण्याविषयीचा १७३५ चा कायदा ब्रिटनमध्ये १९५१ पर्यंत कायम होता. तो रद्द झाल्यानंतरच जेराल्ड गार्डनर यांच्यासारख्यांनी विक्का या आधुनिक जादूटोणा-पंथाविषयी उघडपणे लिहायला सुरुवात केली. म्हणजे आज सत्तरी ओलांडलेल्या काही उपासकांचा जन्म तो कायदा असतानाचा आहे. 'पेगन' हा शब्दही शिवीसारखाच वापरला गेला. आपल्या शब्दकोशांत त्याचा अर्थ 'मूर्तिपूजक' असा सापडतो, पण तो नेमका नाही. यातील अनेकांच्या घरी एकही मूर्ती नसते. लॅटिनमधील 'पागानुस' म्हणजे खेड्यातला माणूस, आणि ज्या सुरात आपल्याकडे शहरातला माणूस दुसऱ्याला 'गावठी' म्हणतो, काहीसा तसाच सूर त्या शब्दाला चिकटला. ज्यांना तो चिकटवला जात होता त्यांच्यापैकी काहींनी विसाव्या शतकात तो स्वतःहून उचलला. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समधील सुमारे ७४,००० लोकांनी आपला धर्म 'पेगन' असा लिहिला. विक्का लिहिणारे साधारण १३,००० त्याशिवाय. प्राचीन केल्टिक पुरोहितांचे नाव घेणारे ड्रुइड आहेत, विक्कन आहेत, नॉर्स देवतांना मानणारे हीदन आहेत, आणि कोणत्याही पंथाचे नाव न घेता ऋतूंचे सण पाळणारेही आहेत.

स्टोनहेंजमध्ये एरवी शिळांपासून दूर, दोरीच्या बाहेरून फिरावे लागते. अयनदिनाच्या रात्री आत जाता येते, हातही लावता येतो, आणि हे सहज मिळालेले नाही. १९७४ ते १९८४ या काळात तिथे जूनमध्ये मुक्त उत्सव भरत असे. १९८५ मध्ये त्यावर बंदी आली आणि १ जून १९८५ रोजी तिकडे निघालेल्या भटक्या लोकांच्या ताफ्याला पोलिसांनी वाटेत अडवले. त्या दिवशीची मारहाण, फोडलेल्या गाड्या आणि पाचशेहून अधिक अटका 'बीनफील्डची लढाई' या नावाने आजही सांगितल्या जातात. पुढची अनेक वर्षे अयनदिनाला शिळांभोवती नाकेबंदी असे. १९९९ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे त्या वेळच्या सर्वोच्च न्यायपीठाने, स्टोनहेंजजवळच्या रस्त्याकडेला शांतपणे जमलेल्या लोकांच्या खटल्यात, सार्वजनिक रस्त्यावर शांततेने जमणे हा आपोआप गुन्हा ठरत नाही असा निकाल दिला. २००० पासून स्मारकाची व्यवस्था पाहणारी इंग्लिश हेरिटेज ही संस्था अयनदिनाला सर्वांसाठी दार उघडते. म्हणून तिथले नियम मला जाचक वाटत नाहीत. दारू नाही, काचेच्या बाटल्या नाहीत, ड्रोन नाही, तंबू नाही, पेटत्या मेणबत्त्या किंवा धूप नाही, शिळांवर चढणे नाही. संस्था ही यादी दर वर्षी जाहीर करते. घरून निघण्यापूर्वी ती शांतपणे वाचावी, दारावर वाद घालू नये. गरम कपड्यांचे दोन थर, पाण्याला न दाद देणारे बूट, झाकणाच्या बाटलीत चहा आणि परतीच्या बसची वेळ, एवढे सोबत असले की शरीराची काळजी मिटते आणि लक्ष जिथे असायला हवे तिथे राहते.

ते कुठे असावे? माझे बालपण अंबाबाईच्या देवळाच्या परिसरात गेले, त्यामुळे मला याचे उत्तर किरणोत्सवात सापडते. नोव्हेंबरमध्ये आणि जानेवारीच्या अखेरीस मावळतीची किरणे महाद्वारातून आत येतात, गाभाऱ्यापर्यंत पोहोचतात, चरणांवरून वर सरकत जातात, आणि दाटीवाटीने उभे असलेले लोक त्या काही मिनिटांत अगदी गप्प होतात. ढग आडवे आले किंवा वाटेतल्या बांधकामाने किरण अडवले तर हळहळ होते, पण म्हणून कुणी पैसे वाया गेले असे म्हणत नाही. स्टोनहेंजची रचनाही सूर्याच्या वाटेवर केलेली आहे. वर्तुळाच्या मध्यावरून ईशान्येकडे पाहिले तर उन्हाळी अयनदिनाचा सूर्य हील स्टोन या बाहेरच्या शिळेच्या बाजूने वर येतो, आणि त्याच अक्षाच्या विरुद्ध टोकाला हिवाळी अयनदिनाचा सूर्य मावळतो. जवळच्या डरिंग्टन वॉल्स या वसाहतीत सापडलेल्या डुकरांच्या दातांवरून तिथे भर हिवाळ्यात मोठ्या मेजवान्या होत असाव्यात असे पुरातत्त्वज्ञ मानतात. म्हणजे मूळ बांधणाऱ्यांसाठी डिसेंबरची संध्याकाळ जूनच्या पहाटेहून मोठी असण्याची शक्यता बरीच आहे. ज्यांना गर्दी सोसत नाही त्यांनी डिसेंबरमध्ये जावे असे मी नेहमी सुचवते. तेव्हा सूर्योदयालाच आत सोडतात, लोक कमी असतात आणि थंडी मात्र खरी असते.

जूनमध्ये सूर्य पाच वाजायच्या दहाएक मिनिटे आधी उगवतो. त्याआधीचा तासभर मला सर्वांत प्रिय आहे. या अक्षांशावर जूनची रात्र पुरती काळी होतच नाही; उत्तरेला एक फिकट पट्टा रात्रभर सरकत राहतो. ढोल चालू असतात, पांढऱ्या झग्यांतले ड्रुइड गोल करून चारही दिशांना शांततेविषयी विचारतात, कुणी मूल खांद्यावर घेऊन उभे असते, कुणी नुसतेच जागरणाला आलेले असते. गोंगाट आणि श्रद्धा एकमेकांत मिसळलेली असते आणि त्याबद्दल तिथल्या उपासकांची फारशी तक्रार नसते. आपणही ती करू नये. फक्त शिळेला टेकून कुणी स्तब्ध असेल तर त्याच्या पुढून जाऊ नये, आणि सूर्य दिसू लागल्यावर हात उंच करून फोन धरताना मागे कोण उभे आहे ते पाहावे.

ज्यांना एका रात्रीपलीकडे रस आहे त्यांच्यासाठी खरे दार लहान मेळाव्यांचे आहे. पेगन वर्षचक्रात आठ सण मोजतात: दोन अयनदिन, दोन विषुवदिन आणि त्यांच्या मधले इम्बोल्क, बेल्टेन, लूनासा व साउइन. हे आठ एकत्र बांधलेले चक्र विसाव्या शतकाच्या मध्यावर गार्डनर आणि ड्रुइड परंपरेतील रॉस निकल्स यांच्या काळात रूढ झाले. बऱ्याच गावांत महिन्यातून एकदा 'मूट' भरतो, म्हणजे एखाद्या पबमध्ये जमून गप्पा. तिथे आधी जावे, ओळख करून घ्यावी, मग उघड्या विधीला येऊ का असे विचारावे. काय घालायचे, काय खायला आणायचे, मुले चालतील का, हे सर्व विचारलेले त्यांना आवडते. विधी सुरू झाल्यावर जमलेल्यांचे वर्तुळ बांधले जाते आणि ते पवित्र मानतात. त्यानंतर मधून चालत जायचे नसते. बाहेर पडायचे असल्यास खुणेने सांगावे, कुणीतरी वाट करून देते. ज्या वाक्यात आपला विश्वास नाही ते उच्चारण्याची सक्ती कुणी करत नाही. शांत उभे राहणे हा पूर्ण सहभाग मानला जातो, आणि ही गोष्ट मला या लोकांविषयी सर्वाधिक आवडते.

दोन गोष्टी मात्र मला स्पष्ट बोलायच्या आहेत. पहिली अर्पणाची. स्विंडनच्या दक्षिणेला एव्हबरीचे प्रचंड शिळावर्तुळ आहे, इतके मोठे की गावाचा एक भाग त्याच्या आत वसलेला आहे, आणि जवळच वेस्ट केनेटची प्राचीन समाधी. येणारे लोक झाडांना नायलॉनच्या फिती बांधतात, समाधीच्या दगडी फटींत मेणबत्त्या लावतात, स्फटिक सोडून जातात. मेणाने आणि काजळीने पाच हजार वर्षांचा दगड डागाळतो आणि झाडाची फांदी फितीने आवळली जाते. हे साफ करायला जाणाऱ्यांत पेगन स्वयंसेवकच पुढे असतात. निर्माल्याने पंचगंगेचे काय झाले हे पाहिलेल्या माणसाला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. आपल्यापैकी कुणी हळदकुंकू आणि अगरबत्ती घेऊन जाण्याचा विचार करत असेल तर ती घरीच ठेवावी. अर्पण करायचेच तर मातीला थोडे पाणी घालावे, अथवा वाटेत पडलेला कचरा उचलून आणावा.

दुसरी गोष्ट आपल्याकडे फिरणाऱ्या त्या संदेशांची, ज्यांत स्टोनहेंज हे मूळचे शिवमंदिर असल्याचे ठणकावून सांगितलेले असते. त्या मोठ्या शिळा सुमारे ४,५०० वर्षांपूर्वी उभ्या केल्या गेल्या. त्या माणसांनी एक अक्षरही लिहून ठेवलेले नाही. ते कुणाला हाक मारत होते हे आज कुणालाही ठाऊक नाही. प्राचीन ड्रुइड त्यांच्यानंतर सुमारे दोन हजार वर्षांनी आले, आणि शिळांशी त्यांचे नाते जोडले ते सतराव्या-अठराव्या शतकातील जॉन ऑब्री आणि विल्यम स्टकली या अभ्यासकांनी. मला भेटलेले बहुतेक ड्रुइड ही गोष्ट स्वतःहून सांगतात. आपला धर्म बहुतांशी नवा आहे, हे मोकळेपणाने मान्य करून ते तो मनापासून पाळतात. नवेपणात उणे काही नाही. आपला सार्वजनिक गणेशोत्सवही १८९३ नंतर वाढलेला आहे आणि त्यातील भक्ती त्यामुळे खोटी ठरत नाही. यजमानांच्या घरी जाऊन हे घर मुळात आमचेच, असे म्हणणाऱ्या पाहुण्याला पुन्हा कुणी बोलावत नाही. साम्य दिसते तेव्हा मी ते प्रश्नाच्या रूपाने मांडते, आणि त्यातून चांगल्या गप्पा होतात.

लूनासाचा, म्हणजे ऑगस्टच्या आरंभीचा सण असाच गप्पांतून माझा झाला. तो पहिल्या धान्याचा सण. नव्या गव्हाची भाकर करून ती वर्तुळात मोडून वाटतात. मी नवान्नाविषयी बोलले तेव्हा विधी चालवणाऱ्या आजींनी पुढच्या वेळी आमच्याकडचे काहीतरी घेऊन येण्यास सांगितले. खाण्याच्या प्रत्येक डब्यावर आत काय आहे ते लिहायचे असते, कारण कुणाला दूध चालत नाही, कुणाला सुकामेवा. मी शाळूच्या भाकऱ्या नेल्या आणि चिठ्ठीवर लिहिले: ज्वारी, पाणी, मीठ.

गव्हाची भाकर फिरत आली तेव्हा माझ्या डावीकडच्या तरुणीने ती फक्त कपाळाला लावून पुढे दिली. तिला गहू बाधतो, असे तिने नंतर सांगितले. चार वर्षे ती या वर्तुळात उभी राहत होती आणि चार वर्षे असेच करत होती. मागून भाकरी आली. तिने डब्यावरची चिठ्ठी दोनदा वाचली, एक तुकडा मोडला, त्यातला कण मातीला दिला आणि उरलेला खाल्ला.