फक्त दोनच मिनिटं घेतो

हल्ली ऑफिसांतून एक नवी जमात बोकाळली आहे. मीटिंगचं निमंत्रण गेलं की ही मंडळी लगेच विचारतात, ‘विषय काय? मी असायलाच हवं का? अर्ध्या तासात आटपेल ना?’ यांना आत्ताच वेसण घातली नाही, तर उद्या हे लोक मीटिंगशिवायच कामं उरकायला लागतील. मग तुमच्या-माझ्यासारख्यांनी दिवसभर करायचं काय? म्हणून, नुकतेच टीम लीड, डेप्युटी मॅनेजर, विभागप्रमुख असं काही झाला असाल, तर अनुभवाचे दोन शब्द ऐकून ठेवा.

विषयपत्रिका पाठवायची नाही, हा पाया. निमंत्रणात ‘डिस्कशन’ एवढंच टाका. फारच आग्रह झाला तर ‘रिव्ह्यू अँड वे फॉरवर्ड’. विषय आधी कळला की माणसं वाचून येतात, आकडे घेऊन येतात आणि दोन वाक्यांत उत्तर देऊन मोकळी होतात. त्यात तुमची शोभा काय राहिली? विषय ठाऊक नसलेली बारा माणसं एका खोलीत बसली, की ‘आपण नेमकं कशासाठी जमलोय’ यातच पहिला अर्धा तास आरामात जातो. नमनालाच घडाभर तेल जाळून टाकलं की पुढे अंधारात काहीही खपतं.

बोलावताना हात आखडता घेऊ नका. ज्यांचा संबंध आहे ते, ज्यांचा पुढेमागे येऊ शकतो ते, आणि ज्यांना बोलावलं नाही तर वाईट वाटेल ते. शिवाय क्वालिटीचा एक, अकाउंट्सचा एक आणि एचआरच्या मॅडम, असू देत म्हणून. एखादा हिशेबी माणूस म्हणेल, बारा जण दोन तास बसले म्हणजे कंपनीचे चोवीस तास गेले, एका माणसाचा तीन दिवसांचा पगार. म्हणू द्या. त्याला व्यवस्थेचं मर्म कळलेलं नाही. साडेचारशे रुपयांच्या रिक्षाच्या बिलाला इथे तीन सह्या लागतात, पावती लागते, ‘बसने का गेला नाहीत’ याचा खुलासा लागतो. बारा माणसांचे दोन तास उडवायला मात्र एकही सही लागत नाही. कॅलेंडरवर एक टिचकी पुरते. कंपनीने तुम्हाला दिलेला इतका बिनबोभाट अधिकार दुसरा नाही, तो गाजवा.

तासाच्या खाली मीटिंग लावूच नका. हाती जेवढा वेळ असेल तेवढं काम फुगतं, असं सिरिल नॉर्थकोट पार्किन्सन या इंग्रज इतिहासकाराने १९५५ सालीच ‘द इकॉनॉमिस्ट’मध्ये लिहून ठेवलंय. लोकांनी ते टीका म्हणून वाचलं. आपण ते पाककृती म्हणून वाचायचं.

आता सुरुवात. दहाची मीटिंग दहाला सुरू करणं म्हणजे उशिरा येणाऱ्यांचा अपमान. दहा-बारा मिनिटं ‘एक-दोघं जॉइन होतायत’ म्हणत काढा. मग थोडी प्रस्तावना झाली की दार उघडून खुद्द साहेब आत येतील. ही सुवर्णसंधी. ‘सरांसाठी परत एकदा थोडक्यात सांगतो’ म्हणून पहिल्यापासून चालू करा. पाच मिनिटांनी सरांना फोन येईल, सर बाहेर जातील, दहा मिनिटांनी परत येतील. तुम्ही पुन्हा थोडक्यात सांगा. वेळेवर आलेल्यांना तोवर सगळं पाठ झालेलं असेल, त्यांची उजळणी झाली असं समजा.

प्रोजेक्टर आदल्या दिवशी तपासून पाहणं हा भित्र्यांचा उद्योग. भर मीटिंगमध्ये कळू दे, की लॅपटॉप नवा आहे आणि त्याला प्रोजेक्टरची वायर घालायचं एचडीएमआयचं भोकच नाही. ‘डोंगल कुणाकडे आहे?’ यावर पंधरा मिनिटं सहज निघतात, कारण डोंगल शेवटचं सेल्सवाल्यांनी नेलेलं असतं आणि सेल्सवाले नाशिकला गेलेले असतात. ॲडमिनचा पोरगा स्टुलावर चढतो, रिमोटच्या पाठीवर दोन थपडा मारतो, सेल काढून फिरवून घालतो. पडदा निळा होतो, मग काळा होतो, मग एकदम तुमचा डेस्कटॉप उजळतो आणि कोपऱ्यातल्या व्हॉट्सॲपवर बारा जणांना वाचता येईल अशा अक्षरात ‘येताना कोथिंबीर आण, मागच्या वेळेसारखी पिवळी नको’ असा निरोप येतो. इतका वेळ पेंगणारी सगळी खोली या एका क्षणाला जागी असते. दुर्दैवाने त्यानंतर तुमची पहिली स्लाइड सुरू होते.

(ऑनलाइन मीटिंगला ही मजा नाही, पण ‘आवाज येतोय का?’, ‘स्क्रीन दिसतेय का?’ आणि ‘तुम्ही म्यूटवर आहात’ या तीन वाक्यांवर तिथेही बरंच निभावतं.)

स्लाइडच्या बाबतीत बाहेरच्यांनी फार घोळ घातलाय. गाय कावासाकी नावाचा एक गुंतवणूकदार सांगून बसलाय, की दहा स्लाइड, वीस मिनिटं आणि अक्षराचा टाइप तीस पॉइंटपेक्षा लहान नाही. तीस पॉइंटात आपल्या कंपनीचं नाव, पत्ता आणि ‘गोपनीय’ एवढंच मावेल. टोकियोत २००३ साली दोघा वास्तुविशारदांनी त्याहून भयंकर प्रकार काढला. त्याला पेचाकुचा म्हणतात. वीस स्लाइड, प्रत्येकीला वीस सेकंद, तुम्ही बोलत असा नाहीतर नसा, पुढची आपोआप सरकणार. सहा मिनिटं चाळीस सेकंदांत खेळ खलास. आपल्याकडे तेवढ्यात व्यासपीठावरच्या मान्यवरांची नावं होत नाहीत.

सगळ्यात धोकादायक माणूस जेफ बेझोस. त्याने २००४ साली ॲमेझॉनच्या वरिष्ठांच्या बैठकांतून पॉवरपॉइंट काढूनच टाकलं. मांडायचं ते सलग वाक्यांत, फार तर सहा पानांत लिहून आणायचं आणि बैठकीच्या सुरुवातीला सगळ्यांनी गुपचूप बसून ते वाचायचं. यातला डाव लक्षात घ्या. सलग वाक्य लिहायचं म्हटलं की कर्ता येतो. कर्ता आला की काम कोणाचं होतं आणि कोणी केलं नाही, ते उघडं पडतं. बुलेटमध्ये, म्हणजे ठिपके देऊन लिहिलेल्या तुटक मुद्द्यांत, ही भानगड नाही. ‘विलंब – सप्लायरकडून – फॉलोअप सुरू.’ बघा किती सुबक. कोण करतंय फॉलोअप? कोणीच नाही. पण सुरू आहे.

तेव्हा बुलेट सोडू नका, आणि त्यातही अडचणीची गोष्ट शेवटच्या ओळीत, उपमुद्द्याच्या उपमुद्द्यात, डोळे बारीक केल्याशिवाय दिसणार नाही अशी ठेवा. या तंत्रात किती ताकद आहे, ते २००३ च्या जानेवारीत दिसलं. कोलंबिया यान उड्डाण करत असताना टाकीवरच्या फोमचा तुकडा निखळून डाव्या पंखावर आदळला. यान वर फिरत असतानाच अभियंत्यांनी नुकसानीचा अंदाज बांधून नासाच्या अधिकाऱ्यांपुढे स्लाइड ठेवल्या. त्यातल्या एकीचा मथळा दिलासा देणारा होता. अगदी तळाशी, आतल्या ओळीत लिहिलं होतं, की चाचणीतला तुकडा ३ घनइंचांचा होता आणि हा आदळलेला १९२० चा. सहाशे चाळीस पट. १ फेब्रुवारीला परतीच्या वाटेवर यान तुटलं, कल्पना चावलासह सातही जण गेले. एका स्लाइडमुळे यान पडलं असं कोणी म्हणत नाही. पण ही स्लाइड वाचून हा जिवावरचा मामला आहे हे एखाद्या वरिष्ठाच्या ध्यानात आलं नसेल तर ते समजण्यासारखं आहे, अशा अर्थाचं चौकशी मंडळाने अहवालात लिहिलं, आणि तांत्रिक टिपणांच्या जागी सर्रास स्लाइड वापरण्यावर ताशेरेही ओढले. आपल्याकडे फार तर एखाद्या ग्राहकाची डिलिव्हरी चुकते. टाइप बारीकच ठेवा.

स्लाइडवर जे लिहिलंय तेच मोठ्याने वाचून दाखवायला विसरू नका. समोरचे सगळे पदवीधर असले, तरी त्यांना वाचता येत असेल असं गृहीत धरणं उद्धटपणाचं दिसतं.

एवढं करूनही चर्चा मूळ विषयाकडे सरकू लागली, तर मध्ये एखादी अशी गोष्ट टाका जिच्यावर प्रत्येकाला मत आहे. पार्किन्सननेच १९५७ मध्ये याचा दाखला रंगवला होता. त्याच्या कल्पनेतली समिती अणुभट्टीचा खर्च अडीच मिनिटांत मंजूर करते, सायकलींच्या शेडवर पाऊण तास भांडते आणि बैठकीतल्या कॉफीवर सव्वा तास. इंग्रजांचं कौतुक नको. चाकणच्या बाजूला एका कारखान्यात कोटीच्या घरातलं व्हीएमसी, म्हणजे धातू कापून सुटे भाग घडवणारं संगणकी मशीन, चहा यायच्या आत पास झालेलं मी पाहिलंय. व्हीएमसीतलं दोघांनाच कळत होतं, बाकीच्यांनी त्यांच्या ‘हो’ला ‘हो’ मिळवलं आणि गप्प बसले. मग कॅन्टीनचा विषय निघाला. पोहे रोज की दिवसाआड? दिवसाआड असतील तर मधल्या दिवशी उपमा की इडली? शेव वरून घालायची की वेगळ्या वाटीत, म्हणजे ज्याला नको त्याने घेऊ नये? इतका वेळ मोबाइल बघणारे मेंटेनन्सचे काका खुर्ची पुढे ओढून बसले. उपम्याच्या बाजूने इतकं तळमळीने बोलणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. शेवटी कॅन्टीनचा निर्णय पुढच्या मीटिंगवर गेला. मशीन मात्र आलं, आणि ते शॉपफ्लोरच्या दारातून आत जात नाही हे आल्यावर कळलं.

इथे तुम्हाला शंका येईल, की हे सगळं ओढूनताणून करावं लागेल का. मुळीच नाही. त्याची छापील पुस्तिका आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली, अमेरिकेच्या ओएसएस या हेरसंस्थेने शत्रूच्या मुलखातल्या साध्या नोकरदारांसाठी ती काढली. बॉम्ब नको, बंदूक नको, नुसतं ऑफिसात बसून कामाचा विचका कसा करावा, तर प्रत्येक गोष्ट रीतसर मार्गानेच गेली पाहिजे असा हट्ट धरा. भाषणं लांबलचक करा, त्यात स्वतःचे अनुभव घाला. शक्य तिथे विषय समितीकडे सोपवा आणि समिती मोठी ठेवा, पाचांपेक्षा कमी माणसं कधीच नकोत. मागच्या बैठकीत ठरलेलं पुन्हा उकरून काढा. इतिवृत्तातल्या शब्दांवर हुज्जत घाला. मी ते वाचलं तेव्हा वाटलं, आमच्याच सोमवारच्या मीटिंगला कोणी हेर मागच्या खुर्चीत बसून टिपणं काढून गेला असणार. फरक इतकाच, की तिकडे पकडलं गेल्यावर गोळी घालायचे. इकडे अप्रेझल होतं, आणि त्यात ‘उत्तम टीम प्लेयर’ असं लिहून येतं.

आयटीतल्या वाचकांसाठी एक जोड. तुमच्याकडे सॉफ्टवेअरचं काम करायच्या स्क्रम नावाच्या पद्धतीत रोजची मीटिंग पंधरा मिनिटांचीच हवी असं लिहिलंय, आणि पाय दुखायला लागले की माणसं आवरतं घेतात म्हणून ती उभ्याने घ्यायची पद्धत पडली. हिंजवडीत यावर सोपा तोडगा निघाला आहे. तिथे स्टँड-अप बसून घेतात.

शेवट कसा करायचा, हे शिकून घ्या. बऱ्याच होतकरू माणसांचं घोडं तिथेच पेंड खातं. मीटिंग संपताना निर्णय झाला तर तो कुणाचा तरी होतो, आणि उद्या तो फसला तर ‘हे कुणी ठरवलं?’ या प्रश्नाला उत्तर असतं. दोन तास बारा माणसांनी काथ्याकूट केल्यावर मात्र जे काही होतं ते सगळ्यांच्या समोर झालेलं असतं, त्यामुळे कुणीच केलेलं नसतं. मीटिंग लांबवायची ती याचसाठी. इतिवृत्तही त्याच थाटाचं हवं. ‘सविस्तर चर्चा झाली. सदर बाब तपासून पाहावी असे ठरले. पुढील बैठकीत आढावा घ्यावा.’ कुणी तपासायची, कधी तपासायची, असली कर्कश तपशिलं टाकून भाषेचा डौल बिघडवू नका. ‘हे आपण ऑफलाइन घेऊ’ हे वाक्यही खिशात असू द्या. ऑफलाइन घेतलेला एकही विषय आजवर ऑनलाइन परत आलेला नाही.

एवढी काळजी घेतलीत तरी एखादी मुलगी, दोन महिन्यांपूर्वी लागलेली, वही उघडून शांतपणे विचारेलच, ‘सर, मग हे कोण करणार? आणि कोणत्या तारखेपर्यंत?’ सगळे चहाच्या कपात बघायला लागतील. तुम्ही गडबडू नका. ‘फार छान प्रश्न’ म्हणा, सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावा आणि या प्रश्नाचा सखोल अभ्यास करायला तिच्याच अध्यक्षतेखाली समिती नेमून टाका. माणसं पाचाच्या वर असू देत. पहिली बैठक गुरुवारी दुपारी चारला लावा, आणि मला सीसीत घाला.