चव शिकवू नका, बाकीचं शिकवा

पुण्यात घरोघरी, मेसमध्ये, पोळीभाजी केंद्रात रांधतात बायकाच, आणि हॉटेलच्या किचनमध्ये डोकावलं की सगळे पुरुष. बाई दिसलीच तर भांड्याला, भाजी निवडायला, फार तर पोळ्या लाटायला. तंदूर, चायनीजची शेगडी, मेन कुक सगळं पुरुषांकडे आणि पगारपण त्याच हिशोबाने.

म्हणून गरजू बायकांना ट्रेनिंग देऊन किचनमध्ये नोकरीला लावणारं, नफ्यासाठी नसलेलं रेस्टॉरंट ही आयडिया मला जाम पटते. न्यूयॉर्कमध्ये ब्रुकलिनला २०१७ साली 'एमाज टॉर्च' सुरू झालं, तिथे निर्वासित लोक शिकतात आणि शिकताना त्यांना पगार मिळतो. खरी मेख इथेच आहे. चार घरची कामं करणारी बाई ती सोडून फुकट शिकायला येईलच कशी, खोलीचं भाडं कोण भरणार?

आणि शिकवायचं काय, तर चव नाही! ती हाताला असतेच. पण घरच्या सहा माणसांचं भरलं वांगं वेगळं आणि दीडशे प्लेटा वेगळ्या, पहिली आणि शेवटची सारखीच लागली पाहिजे, म्हणजे अंदाज बंद, वजनकाटा चालू, ग्रेव्ही आधी करून लगेच गार करून तारीख टाकून फ्रीजला, वाया किती गेलं ते लिहायचं, गॅस-तेल-मजुरी धरून एक प्लेट कितीला पडली ते काढायचं. हे कॉस्टिंग आलं ना की उद्या तिने स्वतःचे डबे सुरू केले तरी पडत्या भावात देणार नाही.

आपल्याकडे याची सुरुवात फार जुनी आहे. मुंबईत गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायका सावकारीत पिचल्या होत्या, प्रेमाताई पुरवांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढून त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. पुढे त्यांच्या मुलीने, मेधाताईंनी, पुण्यातही काम उभं केलं. कर्जाचं कोडं त्यांनी सोडवायला घेतलं, हॉटेलची शेगडी अजून बाकीच आहे.

अजून एक, ज्यावर कोणी बोलत नाही. डिनरचा धंदा साडेआठ-नऊला सुरू होतो, आवराआवर होईपर्यंत बारा. बाणेरहून अप्पर इंदिरानगरला, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, बाईने त्या वेळी जायचं कसं? राज्याच्या २०१७ च्या दुकाने-आस्थापना कायद्यात साडेनऊनंतर बाईला तिच्या संमतीने काम देता येतं, पण सुरक्षितता आणि घरी पोचवायची सोय मालकाने बघायची. मग मालक म्हणतात, बायका ठेवणं परवडत नाही बुवा. (एसी परवडतो, इंटिरियर परवडतं.) ट्रेनिंग देणाऱ्या संस्थेने नोकरी लावताना पगाराआधी ड्रॉपच्या गाडीचं विचारावं आणि गाडी नसेल तिथे पोरी पाठवूच नयेत.

राहिलो आपण गिऱ्हाईक. असं काही निघालं तर कृपा करून 'किती छान उपक्रम' म्हणत थाळीचा फोटो टाकून गायब होऊ नका, आणि संस्थेचं आहे म्हणजे स्वस्तच पाहिजे हे आपलं लाडकं पुणेरी गणित तर अजिबात लावू नका. आमटी खारट असेल तर तोंडावर सांगा, चांगली असेल तर पूर्ण पैसे देऊन पुढच्या आठवड्यात परत जा.