फॅमिली जेट्टीवर, पॅकेज बोटीवर

पणजीच्या त्या झगमगाटी कॅसिनो बोटींच्या जाहिरातीत 'फॅमिली वीकेंड पॅकेज' असं ज्याने छापलं, त्याला मला एकदा गाठून विचारायचंय, बाबा रे, तुझ्या घरात माणसं तरी कोण कोण आहेत? आमच्या घरात सासूबाई आहेत, कॉलेजात जाणारा पुतण्या आहे, माझी दोन पोरं आहेत, म्हापशाला दिलेली नणंद आहे. तुझ्या त्या फॅमिलीत यातलं कोण बसलं? शेवटी बोटीवर खेळायच्या लायकीचे ठरलो आम्ही चौघं: नवरा, दीर, जाऊबाई आणि मी. त्यातल्या आम्हा दोघींना पत्त्यांत काडीचा रस नाही. गणपतीत रात्री जागवायला रमी खेळतो तेवढंच.

बेत दिरांचा. ठाण्याहून सुट्टी काढून कुडाळला आले आणि "गावात बसून काय करायचं, सगळे मिळून पणजीला जाऊया" म्हणून मागेच लागले. सगळे मिळून! बांदा, मग गोव्याच्या हद्दीवरचं पत्रादेवी करत पणजी गाठली, गाडी लावायला जागा शोधताना निम्मा जीव गेला, ते जाऊ दे. खरी गंमत तिकिटाच्या खिडकीवर.

नणंद मुद्दाम म्हापशाहून आली होती, नवी साडी बिडी नेसून. खिडकीवरच्या पोराने तिचं आधार कार्ड पाहिलं आणि परत सरकवलं. पत्ता गोव्याचा, आत जाता येणार नाही. १ फेब्रुवारी २०२० पासून गोव्याच्या रहिवाशांना कॅसिनोत खेळायला बंदी आहे. ती म्हणते, "अरे, जल्म माझो कुडाळाक गेलो, आता आधार म्हापशाचा म्हणान माका भायर?" पोरगा बिचारा हसला. त्याच्या हातात काय आहे?

नियम वाईट आहे असं मी म्हणतच नाही. आपल्या माणसांचे संसार या नादाने धुळीला मिळू नयेत असं सरकारला वाटलं, चांगलंच आहे. पण मग आमचे संसार काय वाऱ्यावर पडलेत? गोव्यातल्या माणसासाठी जे विष, ते पत्रादेवीपलीकडच्या माणसासाठी 'एंटरटेनमेंट' कसं होतं? आणि आमच्या महाराष्ट्राचा सोवळेपणा त्याहून भारी. इथे १९७६ साली कॅसिनोचा कायदा केला, तो कधी लागूच केला नाही, आणि २०२३ मध्ये विधिमंडळाने रद्द करून टाकला. संस्कृती राखली म्हणे. गोव्याचा जुगाराचा कायदाही १९७६ चाच. त्यात १९९२ ला दुरुस्ती करून पंचतारांकित हॉटेलात जुगाराची मशिनं बसवायला परवानगी दिली, पुढे बोटीही आल्या. म्हणजे इकडच्यांनी दार लावून घेतलं, तिकडच्यांनी आपल्या घरच्यांना कोंडून पाहुण्यांसाठी दार उघडलं, आणि दोघांचेही हात स्वच्छ. मधल्या मधे पुणे, कोल्हापूर, बेळगाव, सिंधुदुर्गातून गाड्या भरभरून येतायत. टेबलांभोवती जितकी मराठी ऐकली तितकी आमच्या तालुक्याच्या एसटी स्टँडवर ऐकू येत नाही.

पुतण्या एकोणीस वर्षांचा. २१ पूर्ण नाहीत, खेळायला बंदी. हेही बरोबरच. पण तिकीट फोनवर बुक करताना दिरांनी "कॉलेजचा मुलगा आहे" असं सांगितलं होतं, तेव्हा पलीकडची बाई "नो प्रॉब्लेम सर" म्हणाली होती. नो प्रॉब्लेम तिला. पोरगा जेट्टीवर मोबाईलची बॅटरी जपत उभा.

सासूबाई आत येणारच नव्हत्या. त्यांना वाटलं होतं नदीकाठी गार वाऱ्यात बसू, घटकाभर गप्पा मारू. त्या रस्त्यावर बसणार कुठे? बांदोडकर मार्गावर गाड्यांचा धूर, माणसाला खेचून नेणारे एजंट, आणि समोर पाण्यात निळा-जांभळा लखलखाट. शेवटी सासूबाई, नणंद आणि पुतण्या अशी तिघं जुन्या सचिवालयाशेजारी आबे फारियाच्या पुतळ्यापाशी जाऊन टेकली. फारिया म्हणजे संमोहनविद्येतलं जगभर गाजलेलं नाव, कांदोळीत जन्मलेला आपला गोंयकार. बाईवर दोन्ही हात पसरून तिला भारून टाकतोय असा तो पुतळा आहे. समोरच्या बोटी बघता जागा अगदी नेमकी निवडलीय. नणंद म्हणत होती, चला म्हापशाला, घरी आडवं व्हा. पण सासूबाईंचं एकच, "झील येतलो, मगे जावया." झील म्हणजे लेक. तो कुठला येतोय? झील आत अंदर-बाहर नावाच्या पत्त्यांच्या जुगाराच्या टेबलावर चिकटला होता.

आता आतलं ऐका. नवऱ्याने थ्री-फोर्थ आणि चपला घातल्या होत्या, तर म्हणे ड्रेस कोड आहे, फुल पँट आणि बूट हवेत. अख्ख्या गोव्यात हाफ पँटीला नाक मुरडणारी हीच एक जागा असावी! गाडीतून पँट आणली, रस्त्यावरून बूट विकत घेतले, मग छोट्या बोटीतून मोठ्या बोटीवर. पोरांसाठी वरच्या मजल्यावर खोली: रंगीत चेंडूंचा हौद, भिंतीवर कार्टून आणि सांभाळणारी एक मुलगी. ती म्हणाली, मॅडम, पालकांपैकी कुणीतरी इथे थांबावं लागेल. पालकांपैकी कुणीतरी म्हणजे कोण, हे सांगायला नको. मी आणि जाऊबाई पाळीपाळीने चेंडूंच्या हौदाशेजारी बसलो, माणशी साडेतीन हजार भरून! न खेळणाऱ्या बाईला वेगळा दर नाही. खेळा नाहीतर भिंतीकडे बघत बसा, पैसे तेवढेच.

आणि त्या 'फ्री चिप्स'ची, म्हणजे पैशांऐवजी टेबलावर लावायच्या फुकट चकत्यांची गोष्ट तर लग्नात दिलेल्या शिऱ्याच्या वाटीसारखी आहे, दिसते भरलेली, तळाशी चमचाभर. पॅकेजमध्ये हजाराची कुपनं मिळाली, ती एकदाच खेळायची. खिडकीवर त्याचे पैसे मिळत नाहीत. खऱ्या हजाराच्या चिप्स रूलेटच्या चाकावर लाल रंगावर लावून जिंकलात तर हाती दोन हजार येतात. कुपन लावून जिंकलात तर हजार येतात आणि कुपन डीलर काढून घेतो. हरलात तरी काढून घेतो. म्हणजे हजाराच्या कुपनाची खरी किंमत पाचशेसुद्धा नाही. हे मी नवऱ्याला टेबलाशी जाऊन सांगितलं तर म्हणतो, "हळू बोल, लोक बघतायत."

लोक बघू देत की. समोरचं चाक शून्य धरून ३७ घरांचं. एका आकड्यावर रुपया लावून जिंकलात तर ३५ रुपये आणि तुमचा रुपया परत. आता सगळ्या ३७ घरांवर एकेक रुपया लावा, ३७ जातात, ३६ परत येतात. उरलेला एक रुपया कुणाचा? फसवणूक काही नाही, सगळं उघड्यावर. म्हणूनच जास्त संताप येतो. वर सप्टेंबर २०२५ पासून कॅसिनोवर ४० टक्के जीएसटी. आमच्या दिरांना, जे बाजारात कोथिंबिरीच्या जुडीवर दोन रुपयांसाठी घासाघीस करतात, त्यांना हे सगळं माहीत आहे. तरी "आता फक्त रिकव्हर करतो" म्हणत म्हणत एटीएमचं कार्ड दोनदा बाहेर आलं. किती गेले ते जाऊबाईंनासुद्धा अजून सांगितलेलं नाही.

जेवण अनलिमिटेड, आणि रांगही अनलिमिटेड. मासे म्हणून जे वाढलं होतं ते बासा नावाच्या माशाचे पांढरे तुकडे. मांडवीच्या पाण्यावर बसून कोकणातल्या माणसाला शीतपेटीतला बासा! तरी पहाटे बाहेर पडताना नवरा मला म्हणतो, "काही म्हण, जेवण फुकट होतं."

फुकट? अहो सरकार, एवढा महसूल गोळा करता, मग जेट्टीवर ताटकळणाऱ्या माणसांसाठी चार बाकं, एक छप्पर, पाण्याचा नळ आणि स्वच्छ संडास, एवढं तरी बांधा की! ज्यांना तुम्हीच वयाच्या, आधारच्या नावाखाली बाहेर ठेवता, ती माणसं रात्रभर कुठे जाणार याचा विचार कोण करणार? आमच्या सासूबाईंना सत्तरी उलटल्यावर संडासासाठी एका हॉटेलात शिरावं लागलं. तिथे नुसतं आत सोडत नाहीत म्हणून नणंदेने चहा मागवला. तासाभराने परत जावं लागलं, परत चहा. शेवटी ऑम्लेट पाव. तिघांचं मिळून साडेचारशेच्या वर बिल झालं. ते मी दिरांना जीपेवर रिक्वेस्ट करून पाठवलंय. अजून पेंडिंग दाखवतंय.